दोघांसाठी आरमारी लढाईचा पटावरचा खेळ कसा रचावा: खांदेरीपासून सुरुवात

पटावर समुद्री लढाई मांडायची म्हटलं, की बहुतेक नवखे रचनाकार पहिल्या संध्याकाळी जहाजांची यादी करायला बसतात. कुणाला किती तोफा, कुणाचा वेग किती, कुणाच्या फळ्या किती जाड. वहीची चार पानं भरतात, पण खेळ हाती लागत नाही. समोरासमोर बसलेल्या दोघांपैकी एकाचा हात सोंगटीवर गेला आणि तिथेच थबकला, की खेळ सुरू झाला असं समजावं. तो हात कशामुळे थबकणार हे आधी ठरवायचं. तोफा, वेग आणि फळ्या त्यानंतर.

उदाहरणासाठी मी खांदेरीची लढाई घेतली आहे. मुंबईकराला ती हाताशी आहे आणि दोघांच्या खेळासाठी तिच्याइतकी सोयीची दुसरी लढाई मला माहीत नाही. तुमच्या मनात वेगळी लढाई असेल तर तिच्यावर हाच क्रम चालवून पाहा.

लढाई निवडताना

१६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांच्या हुकमानं मायनाक भंडारींनी खांदेरी बेटावर तटबंदीचं काम सुरू केलं. मुंबई बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला उभा राहणं इंग्रजांना परवडणारं नव्हतं. त्यांनी नाकेबंदीसाठी जहाजं धाडली. सप्टेंबरमध्ये बेटावर उतरू पाहणाऱ्या तुकडीचा अधिकारी मारला गेला. १८ ऑक्टोबरला मराठ्यांच्या बाजूनं दौलतखानाचं आरमार चालून गेलं. इंग्रजांचं 'डव्ह' मराठ्यांच्या हाती लागलं, 'रिव्हेंज' हे मोठं लढाऊ जहाज मात्र टिकून राहिलं. पुढे जंजिऱ्याचा सिद्दी इंग्रजांच्या मदतीला आला, जानेवारी १६८० मध्ये त्यानं शेजारची उंदेरी बळकावली. त्याच महिन्यात इंग्रजांनी माघार घेतली आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

या सगळ्यात खेळ रचणाऱ्याच्या कामाची गोष्ट एकच. रात्रीच्या अंधारात लहान, वल्ह्यांनी चालणारी गलबतं किनाऱ्यावरून बेटावर रसद पोचवत राहिली आणि मोठ्या जहाजांना ती अडवता आली नाहीत. म्हणजे दोन्ही बाजूंना हवं ते वेगवेगळं होतं. एकाला पोचवायचं होतं, दुसऱ्याला अडवायचं होतं. कुणाचं किती बुडालं यावर निकाल लागला नाही.

दोन्ही खेळाडूंना एकच गोष्ट हवी असेल, म्हणजे समोरच्याची जहाजं बुडवणं, तर खेळ लवकर चकमकीत अडकतो. दोघंही आपली जहाजं एकत्र आणतात, मधोमध येऊन भिडतात आणि मग फाशांवर सगळं. हेतू वेगळे ठेवले की पटाच्या कडांनाही किंमत येते. एक पळतो, तो कुठून जाणार हे दुसरा ओळखू पाहतो. म्हणून पहिलं काम हे: एका कागदावर दोनच वाक्यं लिहा. 'मराठे जिंकतात, जर...' आणि 'इंग्रज जिंकतात, जर...'. ही वाक्यं प्रत्येकी एका ओळीत बसत नसतील तर पुढे जाऊ नका.

अनेकांना १९७१ चं युद्ध खुणावतं, आणि ते साहजिक आहे. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर केलेला हल्ला नौदलाच्या इतिहासात ठसठशीत आहे. पण तिथली लढाई डोळ्यांना दिसण्याआधीच संपते. जो आधी शोधतो तो जिंकतो. त्यासाठी दोन वेगळे पट, मधे पडदा आणि शोधाचे नियम लागतात. पहिल्या खेळासाठी ते जड आहे. शिवाय ती माणसं फार जवळची आहेत. ९ डिसेंबरला 'खुकरी' बुडाली तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, त्यांची कुटुंबं आज आपल्यातच आहेत. तो विषय घ्यायचा तर हात बसल्यावर घ्यावा आणि जपून घ्यावा.

वारा आधी, तोफा मागून

शिडाच्या लढाईचा खेळ वाऱ्याशिवाय केला तर तो रणगाड्यांचा खेळ होतो, फक्त पट निळा. म्हणून पहिला नियम वाऱ्याचा लिहा.

मुंबईत राहणाऱ्याला त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. पावसाळा सरल्यावर दुपारी कुलाब्याच्या धक्क्यावर किंवा वरळीच्या किनाऱ्यावर उभे राहा. समुद्राकडून खारे वारे येतात. रात्री वारा पडतो. पहाटेकडे जमिनीकडून मतलई वारे सुटतात. भाऊच्या धक्क्यावर एखाद्या अनुभवी नाखव्याशी बोललात तर यापेक्षा बारीक तपशील मिळेल, आणि तो वहीत त्याच्याच शब्दांत टिपून ठेवा. नियमपत्रिकेत पुढे तेच शब्द कामी येतात.

आता हे पटावर आणू. एका दिवसाच्या तीन फेऱ्या करा: दुपार, रात्र, पहाट. दुपारी वारा पश्चिमेकडून, रात्री वारा नाही, पहाटे पूर्वेकडून. असे चार दिवस म्हणजे बारा फेऱ्या. दर फेरीला वाऱ्यासाठी फासा टाकायचा मोह आवरा. दुपारनंतर रात्र येणार आणि वारा पडणार हे दोघांनाही माहीत आहे, म्हणून तर इंग्रज खेळाडू दुपारीच आपलं जहाज कुठे नेऊन ठेवायचं याचा विचार करतो. वारा रोज फाशावर ठरला तर तो नुसता नशिबाचा भाग होतो, आणि नशिबापुढे कुणी विचार करत बसत नाही. थोडी अनिश्चितता हवीच असेल तर फक्त पहाटे फासा टाका. १ आला तर मतलई वारा उशिरा सुटतो, म्हणजे त्या फेरीतही वारा नाही. एवढं पुरे.

षटकोनी घरांचा पट

चौकोनी घरांत तिरकी चाल सरळ चालीपेक्षा सुमारे १.४ पट लांब पडते. बुद्धिबळात त्याचं काही बिघडत नाही. पण इथे वेग आणि तोफांचा पल्ला मोजायचा आहे, तिथे चौकोन खोटं बोलतो. षटकोनाला सहा शेजारी असतात आणि सगळे सारख्याच अंतरावर. म्हणून षटकोन घ्या.

घरं अशी काढा की प्रत्येक षटकोनाची एक सपाट बाजू बरोबर पूर्वेला आणि एक पश्चिमेला येईल. आपला वारा त्याच दोन दिशांनी वाहतो, त्यामुळे त्याला कायम सरळ घर मिळतं. ए-थ्री कागद ४२० बाय २९७ मिलिमीटरचा असतो. सपाट बाजूपासून समोरच्या सपाट बाजूपर्यंत २५ मिलिमीटरचा षटकोन घेतला तर आडव्या ओळीत १५ आणि अशा १२ ओळी आरामात बसतात. एकूण १८० घरं, चारही बाजूंना समास राखून. एवढा पट मुंबईच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर मावतो, आणि ही बाब क्षुल्लक नाही. ज्या खेळासाठी पलंग हलवावा लागतो तो दुसऱ्यांदा काढला जात नाही.

पूर्वेच्या कडेला अलिबागजवळच्या थळचा किनारा, त्याला लागून उथळ पाण्याच्या दोन रांगा. या रांगांत मोठं जहाज शिरू शकत नाही. पश्चिमेकडे खांदेरी, दोन घरांची. किनारा आणि खांदेरी यांच्या मधे उंदेरी, एका घराची. नकाशा अगदी मापात असायला हवा असा हट्ट धरू नका. किनाऱ्यापासून बेटापर्यंत भरलेल्या गलबताला तीन-चार फेऱ्या लागाव्यात, हे माप महत्त्वाचं. त्या तीन-चार फेऱ्यांत निदान एक दुपार नाहीतर पहाट येतेच, म्हणजे उजेडात आणि शत्रूला वारा असताना काही अंतर काटावंच लागतं.

शिडाच्या जहाजाची चाल अशी लिहा. वारा ज्या दिशेनं येतो तिकडे नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, असेल तर शून्य घरं. त्याच्या लगतच्या दोन दिशांना एक घर. मागून तिरका वारा मिळणाऱ्या दोन दिशांना तीन घरं. वारा थेट पाठीमागून असेल तर दोन. शेवटचा आकडा वाचून लोक बुचकळ्यात पडतात, पण तो खरा आहे. वारा सरळ मागून आला की मागची शिडं पुढच्या शिडांचा वारा अडवतात, तिरक्या वाऱ्यात सगळी शिडं भरतात. खऱ्या चौकोनी शिडाचं जहाज वाऱ्याच्या इतक्या जवळ जाईलच असं नाही, पण सहा दिशांच्या पटावर एवढी सूट घ्यावी लागते.

गलबताला मात्र वल्ही आहेत. त्याला वाऱ्याची पर्वा नाही. भरलेलं गलबत फेरीला दोन घरं जातं, रिकामं तीन.

काय लपवायचं

हा खेळाचा कणा आहे. निघताना मराठा खेळाडू प्रत्येक गलबताच्या सोंगटीखाली एक चकती ठेवतो. चकतीवर खाली तोंड करून 'रसद' तरी असतं, नाहीतर ती कोरी असते. इंग्रज खेळाडूला फक्त सोंगटी दिसते. रिकामं गलबत तीन घरं जाऊ शकतं, पण त्यानं मुद्दाम दोनच घरं जाऊन भरल्याचं सोंग आणावं याला मनाई नाही. एका ओळीच्या या नियमानं पटावर संशय येतो.

दुसऱ्या महायुद्धात लिव्हरपूलमध्ये १९४२ साली कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्या हाताखाली ब्रिटिश नौदलाचं एक पथक अटलांटिकमधल्या पाणबुड्यांशी लढायच्या युक्त्या जमिनीवर खडूनं आखलेल्या पटावर तपासत असे. पथकात महिला नौसैनिक मोठ्या संख्येनं होत्या. खेळणारे अधिकारी कापडी पडद्यांच्या आड बसत आणि फटीतून त्यांना तेवढंच दिसे, जेवढं खऱ्या जहाजावरून दिसलं असतं. तिथून निघालेल्या डावपेचांचा प्रत्यक्ष समुद्रावर वापर झाला. म्हणून माहिती लपवण्याच्या नियमाकडे मी सजावट म्हणून पाहत नाही. सेनानीला बहुतेक निर्णय अर्धवट माहितीवरच घ्यावे लागतात, आणि खेळात ती अवस्था आणायला एक चकती पुरते.

रसदीच्या चकत्या मोजक्या ठेवा. सुरुवातीला नऊ चकत्या, सहा गलबतं, आणि बारा फेऱ्यांत सहा भार पोचवले की मराठे जिंकले. बुडालेला किंवा पकडलेला भार परत मिळत नाही. हे आकडे अंतिम नाहीत, पण कुठून तरी सुरुवात करावी लागते.

तोफा आणि फासे

मोठ्या जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना, म्हणजे डाव्या-उजव्या अंगांना असतात. षटकोनात नाळ एका बाजूला लावली की डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन अशा चार दिशांना मारा होतो. थेट पुढे आणि थेट मागे काही नाही. लहान वल्हेदार नौका मोठ्या जहाजाला मागून का गाठत, ते खेळाडूला नियमातूनच कळतं, वेगळं सांगावं लागत नाही.

मारा करताना शेजारच्या घरावर चार फासे, दोन घरांवर तीन, तीन घरांवर दोन. ५ किंवा ६ आला तर वार लागला. गलबताला एक वार लागला की ते फेरीला एकच घर जातं, दुसरा लागला की बुडतं. आता गणित बघा, कारण रचनाकाराला ते पाठ हवं. तीन फाशांत निदान एक वार लागण्याची शक्यता सुमारे ७० टक्के, दोन किंवा जास्त लागण्याची सुमारे २६ टक्के. चार फाशांत निदान एक वार सुमारे ८० टक्के, दोन फाशांत सुमारे ५६. म्हणजे जवळ गेल्यानं फायदा होतो, पण लांबून मारणंही वेडेपणा ठरत नाही. असा उतार हवा. एका टोकाला खात्री आणि दुसऱ्या टोकाला अशक्य असं असेल तर निवड उरतच नाही.

दोन फाशांची बेरीज वापरायची असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. ८ किंवा जास्त येण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के आहे आणि ७ किंवा जास्तची ५८. म्हणजे एका गुणाच्या सवलतीनं तिथे १६-१७ टक्क्यांचा फरक पडतो. तीच सवलत ११ वरून १० वर आणली तर शक्यता ८ वरून १७ टक्क्यांवर जाते, थेट दुप्पट. 'जवळ असल्यास एक गुण जादा' असा नियम लिहिताना तो कुठे किती भारी पडतो हे तपासलंच पाहिजे. नवख्यांसाठी मोजके फासे आणि '५-६ म्हणजे वार' हाच मार्ग बरा.

शेवटचा नियम सगळ्यांत कामाचा: ज्या कुशीच्या तोफा डागल्या ती कुशी पुढच्या फेरीत रिकामी. तिच्यावर एक काळी चकती ठेवा. या चकतीमुळे तोफ डागणं महाग होतं.

एक फेरी जवळून

पाचवी फेरी, म्हणजे रात्र. वारा पडला आहे. इंग्रजांचं मोठं जहाज खांदेरीच्या पूर्वेला दोन घरांवर उभं आहे, नाळ ईशान्येला. वारा नसल्यामुळे त्याला पुढे जाता येत नाही, पण होड्यांनी ओढून ते षटकोनाच्या एका बाजूइतकं वळू शकतं. दोन्ही कुशी भरलेल्या. फेरीत आधी इंग्रज वळतात आणि मारा करतात, मग मराठे चालतात.

तीन गलबतं पटावर आहेत. पहिलं जहाजापासून दोन घरं पूर्वेला. दुसरं दोन घरं आग्नेयेला. तिसरं वळसा घालून नैऋत्येला पोचलंय, तेही दोन घरांवरच, आणि तिथून खांदेरी दोन घरांवर आहे. ते भरलेलं असेल तर याच फेरीत रसद उतरणार. तिघांनी आतापर्यंत दोन-दोन घरांचीच चाल केली आहे.

इंग्रज खेळाडूनं जहाज जागेवर तसंच ठेवलं तर उजव्या कुशीपुढे पूर्व आणि आग्नेय दोन्ही येतात, पण कुशी एकच, त्यामुळे दोघांपैकी एकावरच मारा. तिसरं पाठीमागे सुटतं. नाळ डावीकडे वायव्येला वळवली तर उजव्या कुशीपुढे पहिलं आणि डाव्या कुशीपुढे तिसरं येतं. दोन मारे करता येतात, पण दुसरं गलबत पाठीमागे जातं आणि पुढची अख्खी पहाट दोन्ही कुशी रिकाम्या. नाळ उजवीकडे पूर्वेला वळवली तर उजव्या कुशीपुढे दुसरं आणि तिसरं येतात, मारा एकच, पण डावी कुशी पहाटेसाठी भरलेली राहते.

तीनही पर्यायांत काहीतरी सुटतं. बेटाच्या सर्वांत जवळ असलेलं तिसरं गलबत कोरं असण्याची शंका तर राहतेच, कारण मराठा खेळाडूला ठाऊक आहे की इंग्रज आधी त्याच्याकडेच बघणार. इथे हात थबकतो. तुमच्या खेळात अशी फेरी डावात चार-पाच वेळा येत असेल तर रचना जमली आहे. डावात एकदाच येत असेल तर किनारा आणि बेट यांमधलं अंतर बदला. गलबतांची संख्या सगळ्यात शेवटी बदला.

काय काढून टाकायचं

मुंबईच्या माणसाला भरती-ओहोटी खेळात आणायची अनावर इच्छा होते. उधाणाच्या दिवसांत इथे भरती आणि ओहोटीच्या पाण्यात पाच मीटरच्या आसपास फरक पडतो, तो डोळ्यांनी दिसतो. पण स्वतःला विचारा: भरतीमुळे खेळाडू ज्यावर विचार करेल, त्यावर उथळ पाण्याच्या रांगा आधीच विचार करायला लावत नाहीत का? लावतात. मग भरती बाहेर. वल्हेकऱ्यांची दमछाक, दारूगोळ्याचा साठा, खलाशांचं मनोधैर्य यांनाही हीच चाळणी लावा. काढलेले नियम फाडून टाकू नका, वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवा. दुसऱ्या खेळाचं ते भांडवल आहे.

शत्रूच्या जहाजावर चढून करायची लढाई मात्र बाहेर काढू नका. दोन गलबतं एकाच फेरीत शत्रूच्या एखाद्या लहान जहाजाला भिडली तर ते पकडता यावं, एका फाशावर, सोप्या नियमानं. 'डव्ह' हाती लागण्याची शक्यता खेळात असायला हवी.

एक धोका मात्र सगळ्या लढाईच्या खेळांत दबा धरून असतो. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात मांडलेलं एक गणित आहे. लांबून एकमेकांवर मारा करणाऱ्या दोन सारख्या दर्जाच्या फौजांचं बळ संख्येच्या वर्गाइतकं धरायचं. पाच विरुद्ध तीन जहाजं म्हणजे २५ विरुद्ध ९. तिघं पूर्ण संपतात तेव्हा पाचांपैकी साधारण चार शिल्लक असतात. पटावर याचा अर्थ असा, की ज्याचं पहिलं जहाज बुडालं त्याचा डाव तिथेच उलटतो आणि उरलेला अर्धा तास तो नुसता बसून राहतो. यावर माझ्या मते एकच पक्का उपाय आहे: विजय बुडवण्याशी जोडू नका. आपल्या खेळात चार गलबतं गमावलेला मराठा खेळाडूही शेवटच्या पहाटे सहावा भार पोचवून जिंकू शकतो.

तोल साधणं

दोन्ही बाजू सारख्या असलेल्या खेळात पहिली चाल ज्याची त्याला थोडा फायदा असतोच. तो कमी करायला एकानं पट मांडावा आणि दुसऱ्यानं बाजू निवडावी, किंवा एकेक सोंगटी आळीपाळीनं चालवावी. आपल्या खेळात बाजूच वेगळ्या आहेत, त्यामुळे सगळ्यांत स्वच्छ मार्ग म्हणजे दोन डाव. प्रत्येकानं एकदा मराठ्यांच्या बाजूनं खेळायचं आणि ज्यानं जास्त भार पोचवले तो जिंकला. मग आकड्यांत थोडी तफावत राहिली तरी कुणावर अन्याय होत नाही. अट एवढीच, की एक डाव चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत संपला पाहिजे.

आकडे बदलताना घाई करू नका. दहा डावांपैकी सात मराठ्यांनी जिंकले म्हणून खेळ त्यांच्याकडे झुकलेला आहे असं लगेच ठरत नाही. अगदी तोलाच्या खेळातही एखादी ठरावीक बाजू दहापैकी सात किंवा जास्त डाव जिंकेल याची शक्यता सुमारे १७ टक्के असते. डाव वाढू द्या. बदल करायचाच झाला तर आधी विजयाची अट बदला, सहाऐवजी सात भार करून पाहा. तोफांचे फासे आणि चालीची घरं यांना हात लावलात तर खेळाचा पोतच बदलतो आणि मागच्या सगळ्या नोंदी वाया जातात. आणि एका वेळी एकच बदल.

कागदावरून पटावर

पहिला नमुना सुंदर करू नका. ए-थ्री कागदावर साध्या प्रिंटरवर षटकोन छापा, सोंगट्यांना जुन्या पुठ्ठ्याचे तुकडे, चकत्यांना कॅरमच्या सोंगट्यांवर चिकटवलेले कागद. एकच मोठं जहाज आणि तीन गलबतं घेऊन खेळा. ते रंगलं तरच बाकीचं वाढवा: इंग्रजांना आणखी दोन गुराबा (शिडाची लढाऊ जहाजं), काही शिबाडं (मालवाहू जहाजं), मराठ्यांना उरलेली गलबतं.

आधी एकट्यानं दोन्ही बाजू खेळा. मग मित्राबरोबर. त्यानंतरची चाचणी सगळ्यांत कठीण आणि सगळ्यांत मोलाची: ज्यांनी खेळ कधी पाहिलेला नाही अशा दोघांना नियमपत्रिका द्या आणि तुम्ही बाजूला गप्प बसा. प्रश्न विचारला तरी उत्तर द्यायचं नाही, 'पत्रिकेत बघा' एवढंच म्हणायचं. वहीत तीन गोष्टी टिपा. कोणत्या नियमाशी घोडं अडलं, कोणत्या फेरीत कुणी मोबाइल उचलला, आणि कोणत्या फेरीत दोघंही पटावर वाकले. खेळ आवडला का हे विचारू नका, ओळखीची माणसं नाही म्हणत नाहीत. 'पुन्हा खेळलात तर काय वेगळं कराल?' असं विचारा. ज्याला याचं उत्तर सुचतं, त्याच्या डोक्यात खेळ अजून चालू आहे.

नियमपत्रिका एका पानाची दोन्ही बाजूंनी छापलेली असावी. सुरुवातीला कोण कसं जिंकतं ते, मग एका फेरीचा क्रम, मग चाल, मारा, रसद. अपवाद शेवटी. वर सांगितलेल्या पाचव्या फेरीसारखं एक चित्र नक्की द्या, कुशी आणि दिशा शब्दांत समजावणं अवघड असतं.

नमुना पक्का झाला की साहित्य घ्या. क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या भागात कार्डपेपर, सनबोर्ड, कटर, लहान फासे आणि रंगीत चकत्या हे सगळं एका फेरीत मिळतं. फोर्टमध्ये छपाईची दुकानं आहेत. पट ३०० जीएसएम कागदावर छापून तीन मिलिमीटरच्या सनबोर्डवर चिकटवा. लॅमिनेशन मॅट घ्या, चकचकीत पृष्ठभागावर ट्यूबलाइट चमकते आणि घरांच्या रेघा दिसत नाहीत. पावसाळ्यात इथली हवा इतकी दमट असते की उघडा पुठ्ठा वाकतो, तेव्हा कडांना टेप लावा आणि डबा घट्ट झाकणाचा निवडा.

विषयाचा अभ्यास मधेमधे चालू ठेवा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं सागरी वारशाचं दालन आणि दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातली इतिहासाची कपाटं या दोन जागा सुरुवातीला पुरतात. खांदेरी २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून आली आहे, थळहून होडीनं तिथे जाता येतं. पावसाळ्यात मात्र जाऊ नका. तटावर उभं राहून किनाऱ्याकडे बघितलं की उंदेरी नेमकी कुठे अडचणीची आहे ते नकाशापेक्षा लवकर समजतं.

खेळ विकायचा विचार असेल तर दोन गोष्टी. खेळामागच्या कल्पनेवर कुणाचा स्वामित्वहक्क चालत नाही, पण तुम्ही लिहिलेली नियमपत्रिका आणि काढलेली चित्रं तुमची असतात. दुसऱ्यांच्या बाबतीतही तेच, म्हणून इंटरनेटवरचं जहाजाचं चित्र उचलून लावू नका. आणि १४ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, तेव्हा डब्यावर वय छापण्याआधी तो नियम वाचा.

पत्रिकेच्या तळाशी आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख घाला. प्रत्येक छोट्या दुरुस्तीनंतर क्रमांक वाढवा आणि जुनी प्रत वहीत चिकटवून ठेवा. सहा महिन्यांनी कुणीतरी विचारेल, रिकाम्या गलबताला तीनऐवजी चार घरं का नाहीत, तेव्हा ते केव्हा करून पाहिलं होतं आणि कुठे फसलं ते त्या पानावर सापडेल.